पाठांतर संपल्यानंतरचा डाव

१२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरच्या सेंटोसा बेटावर जागतिक बुद्धिबळ अजिंक्यपदाच्या सामन्यातील चौदावा आणि अखेरचा डाव खेळला गेला. तेरा डावांनंतर चीनचा विद्यमान जगज्जेता डिंग लिरेन आणि भारताचा आव्हानवीर डी. गुकेश यांचे प्रत्येकी साडेसहा गुण झाले होते. हाही डाव बरोबरीत सुटणार, दुसऱ्या दिवशी जलद डावांनी निकाल लावावा लागणार, अशीच जाणकारांची अटकळ होती. पटावरची स्थितीही तेच सांगत होती. पण पंचावन्नाव्या खेळीला डिंगने आपला हत्ती एका घरी नेऊन ठेवला आणि तीन खेळ्यांत सामना संपला. अठरा वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला. १९८५ मध्ये बावीस वर्षांच्या कास्पारोव्हने केलेला सर्वांत लहान वयाच्या जगज्जेत्याचा विक्रम मोडला गेला.

देशभर आनंद व्यक्त झाला आणि तो यथोचितच होता. मात्र त्या आनंदात चर्चा झाली ती वयाची, बक्षिसाच्या रकमेची आणि आनंदाश्रूंची. तो डाव कसा सुरू झाला आणि सुरुवातीचा शेवटाशी काय संबंध होता, याची चर्चा फारशी झाली नाही. हा प्रश्न केवळ बुद्धिबळपटूंच्या आवडीचा आहे असे समजण्याचे कारण नाही. ज्या समाजात विद्या म्हणजे तयार उत्तरांचा साठा, असे समीकरण दृढ झाले आहे आणि ज्या समाजात आता तयार उत्तरे देणारी यंत्रे घरोघरी पोहोचली आहेत, त्या समाजाला या डावात शिकण्यासारखे बरेच आहे.

पहिल्या तीन खेळ्या

डिंगकडे पांढरी मोहरी होती. पहिल्या खेळीला त्याने राजाच्या बाजूचा घोडा बाहेर काढला. दुसऱ्या खेळीला त्याच बाजूचे, घोड्याच्या पुढचे प्यादे एक घर सरकवले. तिसऱ्या खेळीला प्याद्याने मोकळ्या केलेल्या घरात उंट नेऊन बसवला. या घरात बसलेल्या उंटाची नजर पटावरील सर्वांत लांब तिरक्या रेषेवर असते. ही रेषा पटाच्या मध्यातून जाते आणि प्रतिपक्षाच्या वजिराकडील कोपऱ्यात संपते. चौथ्या खेळीला डिंगने वजिरापुढचे प्यादे दोन घरे ढकलून मध्यावर हक्क सांगितला. हा प्रारंभ म्हणजे काळ्या मोहऱ्यांनी खेळल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध बचावाची उलटी आवृत्ती होय. तीच रचना पांढऱ्या मोहऱ्यांनी, एक खेळी अधिक हाताशी ठेवून करायची. त्या बचावाला ग्रुनफेल्ड बचाव म्हणतात.

अर्न्स्ट ग्रुनफेल्ड या ऑस्ट्रियन खेळाडूने १९२२ मध्ये हा बचाव खेळून त्याच वर्षी व्हिएन्ना येथे अलेखिनसारख्या धुरंधराला पराभूत केले. त्यामुळे त्याचे नाव या पद्धतीला मिळाले. परंतु ही रचना त्याच्या कितीतरी आधी, मे १८५५ मध्ये, कलकत्त्यात खेळली गेल्याची नोंद आहे. खेळणारा होता महेशचंद्र बॅनर्जी हा बंगाली खेळाडू आणि समोर होता जॉन कॉक्रेन हा कलकत्त्यात वकिली करणारा युरोपातील नामांकित खेळाडू. देशी पद्धतीच्या बुद्धिबळात प्याद्याला पहिल्या खेळीला दोन घरे जाण्याची मुभा सामान्यतः नसे. त्यामुळे पटाचा मध्य पहिल्याच झटक्यात व्यापण्याऐवजी बाजूने उंट लावून दुरून मध्यावर मारा ठेवण्याकडे देशी खेळाडूंचा कल असे. युरोपीय नियम शिकल्यानंतरही महेशचंद्राने ही सवय सोडली नाही. आज ज्यांना ‘इंडियन’ बचाव म्हणून जग ओळखते, त्या घराण्याचे मूळ या सवयीत आहे.

म्हणजे योगायोग असा की, एका भारतीय तरुणासमोर जगज्जेतेपदाच्या निर्णायक डावात जो प्रारंभ मांडला गेला, त्याचा पूर्वज एका भारतीयाच्या हातून पावणेदोनशे वर्षांपूर्वी पटावर आला होता. या योगायोगाचा अभिमान बाळगण्यास हरकत नाही. पण त्यावर थांबता कामा नये. महेशचंद्राजवळ ग्रंथ नव्हते, प्रारंभांचे कोष्टक नव्हते. त्याने जे केले ते पटाकडे पाहून केले. गुकेश आणि डिंग यांच्याजवळ मात्र त्या पहिल्या काही खेळ्यांविषयी मनुष्यजातीने आणि यंत्रांनी जमवलेले सारे ज्ञान होते. तरीही डावाचा निकाल त्या ज्ञानाने लावला नाही. प्रारंभातून पांढऱ्याचा काही तोटा झाला नव्हता आणि काळ्यालाही चिंतेचे कारण नव्हते. दोघांची तयारी चोख होती आणि दोघांच्या चोख तयारीने एकमेकांना निष्प्रभ केले होते.

वही ते यंत्र

एक काळ असा होता की प्रारंभाचे ज्ञान हीच खेळाडूची खरी मालमत्ता असे. खेळाडू वह्या भरून ठेवत आणि त्या प्राणापलीकडे जपत. १९७२ मध्ये रेकयाविक येथील सामन्याच्या सहाव्या डावात बॉबी फिशरने जन्मभराची सवय सोडली. तो बहुधा राजापुढचे प्यादे हलवून डाव सुरू करी; त्या दिवशी त्याने निराळी वाट धरून वजिराच्या बाजूचा जुना, भारदस्त डाव मांडला. स्पास्की हरला, पण त्या खेळाच्या सौंदर्याने भारावून त्याने प्रेक्षकांबरोबर टाळ्या वाजवल्या. अनपेक्षित प्रारंभाने प्रतिस्पर्ध्याला त्याच्या ओळखीच्या प्रदेशातून बाहेर काढण्याचे ते उदाहरण आजही दिले जाते. मॉस्को आणि लेनिनग्राड येथील खेळाडूंजवळ प्रशिक्षकांची पथके असत, संदर्भालये असत. भारतीय खेळाडूच्या हाती परदेशी नियतकालिके पडत तीही महिनोन्महिने उशिरा. मुंबईच्या खाडिलकर भगिनी किंवा प्रवीण ठिपसे यांच्यासारख्या खेळाडूंनी त्या काळात जे यश मिळवले, ते या विषमतेशी झगडून मिळवले. विश्वनाथन आनंद १९८८ मध्ये ग्रँडमास्टर झाला तोपर्यंत या विशाल देशात एकही ग्रँडमास्टर नव्हता, यात आश्चर्य नाही.

यंत्राने ही विषमता मोडून काढली. ११ मे १९९७ रोजी न्यूयॉर्क येथे ‘डीप ब्ल्यू’ या संगणकाने कास्पारोव्हला सहाव्या डावात अवघ्या एकोणीस खेळ्यांत नमवले. त्या डावाचा निकालही प्रारंभातच लागला होता. कास्पारोव्हने एका सुप्रसिद्ध बचावात खेळ्यांचा क्रम बदलला आणि संगणकाने घोड्याचे बलिदान देऊन त्याची फळी फोडली. तेव्हा ते यंत्र म्हणजे एका मोठ्या कंपनीची अवाढव्य कपाटे होती. आज त्याहून कितीतरी बलवान असलेला ‘स्टॉकफिश’ हा कार्यक्रम कोणालाही फुकट मिळतो आणि साध्या मोबाईलवर चालतो. नाशिकच्या शाळकरी मुलासमोर प्रारंभाचे जे ज्ञान उघडे आहे, तेच जगज्जेत्यासमोर आहे. ज्ञानाच्या इतिहासात अशी समानता क्वचितच अनुभवास आली असेल.

पण समानतेचा परिणाम चमत्कारिक झाला. जे सर्वांजवळ आहे त्याने कोणी कोणाला जिंकू शकत नाही. २००० साली लंडनमध्ये क्रामनिकने एक जुना, काहीसा उपेक्षित बचाव बाहेर काढला आणि प्रारंभाच्या तयारीत अजोड समजला जाणारा कास्पारोव्ह पंधरा डावांत एकही डाव जिंकू शकला नाही. २०१८ मध्ये कार्लसन आणि कारुआना यांचे बाराच्या बारा मूळ डाव बरोबरीत सुटले. पुढे कार्लसनने आपले जगज्जेतेपद राखण्यासाठी खेळण्यासच नकार दिला. महिनोन्महिने प्रारंभांची तयारी करीत बसण्यात त्याला रस उरला नव्हता. पहिल्या ओळीतील मोहरी चिठ्ठ्या टाकून मांडावीत, म्हणजे ९६० निरनिराळ्या स्थितींपैकी कोणती येईल हे आधी कोणाला कळणार नाही आणि पाठांतर निरुपयोगी होईल, अशी सूचना फिशरने १९९६ मध्ये केली होती. ती सूचना अलीकडे मोठ्या स्पर्धांतून अमलात येऊ लागली आहे, हे या अस्वस्थतेचेच लक्षण होय.

सिंगापूरचा पुरावा

मग प्रारंभाला काही अर्थच उरला नाही काय? सिंगापूरच्या सामन्यातील निकाली डाव तपासले तर असा निष्कर्ष काढता येत नाही. त्यातून दिसते ते निराळेच आहे. पहिल्या डावात डिंगने काळ्या मोहऱ्यांनी फ्रेंच बचाव निवडला. ही निवड त्या पातळीवर दुर्मिळ समजली जाते. गुकेशची तयारी लवकर संपली, तो घड्याळात मागे पडला आणि हरला. तिसऱ्या डावात उलट घडले. गुकेश घरून तयार करून आणलेल्या खेळ्या भराभर करीत राहिला, डिंग प्रत्येक खेळीला विचार करीत राहिला आणि सदतिसाव्या खेळीला डिंगचा वेळ संपून तो हरला. अकराव्या डावात गुकेशने पहिल्या तीन खेळ्यांतच अनवट वाट धरली. दोघेही प्रदीर्घ काळ विचारात पडले आणि अखेर वेळेच्या टंचाईत अठ्ठाविसाव्या खेळीला डिंगने वजीर चुकीच्या घरी नेला. दुसऱ्याच दिवशी मनाने खचून न जाता त्याने बारावा डाव जिंकून बरोबरी साधली, हेही नमूद केले पाहिजे.

या सर्व डावांत प्रारंभाने कोणालाही थेट विजय मिळवून दिला नाही. प्रारंभाने दिला तो वेळ. ज्याची तयारी अधिक काळ पुरली त्याच्याजवळ विचारासाठी अधिक मिनिटे उरली, आणि ज्याची लवकर संपली त्याला अनोळखी स्थितीत, थकलेल्या डोक्याने आणि धावत्या घड्याळासमोर निर्णय घ्यावे लागले. म्हणजे आजच्या काळात पाठांतराचे मोल आहे ते विचाराला अवसर मिळवून देण्यापुरते. तो अवसर मिळाल्यावर विचार करता आला नाही, तर सारे पाठांतर व्यर्थ होय.

चौदाव्या डावाने हे सूत्र अधिकच स्पष्ट केले. प्रारंभ संपला, मध्यपर्वात मोहऱ्यांची देवघेव झाली आणि डिंगने हळूहळू डाव सोपा करीत नेण्याचे धोरण स्वीकारले. पांढरी मोहरी असूनही त्याने विजयासाठी धडपड केली नाही. बरोबरी झाली की जलद डाव, आणि जलद डावांत डिंगचे पारडे जड मानले जात होते. २०२३ मध्ये अस्ताना येथे तो जगज्जेता झाला तोही जलद डावांतच. हा हिशेब कागदावर चुकीचा नव्हता. एक प्यादे देऊन त्याने वजिरांची मारामारी घडवून आणली. पटावर प्रत्येकी एक हत्ती व एक उंट उरले, काळ्याची तीन प्यादी आणि पांढऱ्याची दोन, तीही एकाच बाजूला. अशा स्थितीत दुबळा पक्ष सावध राहिला तर डाव वाचतो, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडेल.

गुकेशलाही ते माहीत होते. तरीही तो खेळत राहिला. यंत्राच्या मते जी स्थिती बरोबरीची, ती माणसाच्या दृष्टीने तासन्‌तास बचाव करण्याची शिक्षा असते. काळ्याला धोका जवळजवळ नव्हता, पांढऱ्याला प्रत्येक खेळी अचूक करावी लागणार होती. वीस-बावीस खेळ्या हा छळ चालला. प्यादी आणखी कमी झाली. काळ्याची दोन आणि पांढऱ्याचे एक उरले. त्रेपन्नाव्या खेळीला डिंगचा उंट पटाच्या कोपऱ्यातल्या घरात गेला. पंचावन्नाव्या खेळीला त्याने हत्तींची मारामारी देऊ केली. गुकेशला स्वतःलाही क्षणभर त्या खेळीतील चूक दिसली नव्हती, हे त्याने नंतर प्रांजळपणे सांगितले. मग ती दिसली. हत्तींची मारामारी झाली, काळ्याचा उंट मध्यावर येऊन पांढऱ्याच्या उंटासमोर उभा ठाकला आणि कोपऱ्यात अडकलेल्या उंटाला मारामारी टाळण्याची वाटच राहिली नाही. कोपऱ्यातून बाहेर पडण्याची रेषा एकच, आणि त्या रेषेवर शत्रू. उंट गेले की राहतात राजे आणि प्यादी, आणि दोन प्याद्यांपुढे एका प्याद्याचा निभाव लागत नाही. अठ्ठावन्नाव्या खेळीनंतर डिंगने हार मान्य केली.

कोपऱ्यात सापडलेला हा उंट तोच होता, जो डिंगने तिसऱ्या खेळीला मोठ्या आशेने लांब तिरक्या रेषेवर बसवला होता. साऱ्या डावात तो त्या रेषेच्या आसपास वावरला आणि शेवटी त्याच रेषेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन अडकला. प्रारंभ निर्दोष होता आणि उंटाची जागाही. चूक झाली ती पन्नासहून अधिक खेळ्यांनंतर. त्या वेळी कोणतेही पुस्तक मदतीला येणार नव्हते आणि समोरचा तरुण उठून जाण्यास तयार नव्हता.

या विजयावर टीकाही झाली. माजी जगज्जेता क्रामनिक याने या सामन्याच्या दर्जाविषयी अत्यंत कठोर शब्दांत खंत व्यक्त केली. एका बालिश चुकीवर जगज्जेतेपदाचा निकाल लागावा, हे अनेकांना रुचले नाही. डिंग हा सामन्याला आला तेव्हा त्याच्या खेळाची पडझड झाली होती, मनःस्वास्थ्याच्या अडचणींविषयी तो उघडपणे बोलला होता, जागतिक क्रमवारीत तो पहिल्या विसांच्याही बाहेर होता. हे सर्व खरे आहे. २०२५ मध्ये गुकेशने नॉर्वेतील स्पर्धेत कार्लसनला हरवले असले तरी त्या वर्षातील त्याची एकूण कामगिरी चढउताराची झाली, हेही लपवण्याचे कारण नाही. परंतु टीकाकार एक गोष्ट विसरतात. सामन्याचे डाव यंत्रासमोर बसून पाहणाऱ्याला प्रत्येक चूक तत्क्षणी दिसते. पटावर बसलेल्याला ती शोधावी लागते. चूक करणारा आणि ती चूक होईपर्यंत प्रतिस्पर्ध्याला सोडण्यास नकार देणारा, या दोघांच्या मिळून झालेल्या कृतीला डाव म्हणतात. त्यातील दुसऱ्याचे श्रेय पहिल्याच्या दोषाखाली झाकून टाकणे न्यायाचे नव्हे.

शिक्षकाचा निर्णय

गुकेशची ही वृत्ती आली कोठून, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या शिक्षणात सापडते. चेन्नईतील त्याचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी एक धाडसी निर्णय घेतला होता. सारे जग यंत्रावर बसलेले असताना त्यांनी या मुलाला घडणीच्या वर्षांत यंत्रापासून दूर ठेवले. त्याचे मानांकन अडीच हजारांच्या घरात जाईपर्यंत त्याने संगणकाच्या मदतीवाचून अभ्यास केला. स्थिती पाहायची, स्वतः मोजायची, स्वतः चुकायचे आणि चूक स्वतः शोधायची, अशी ती पद्धत होती. जानेवारी २०१९ मध्ये, बाराव्या वर्षी, हा मुलगा ग्रँडमास्टर झाला. पुढे यंत्र आले, प्रारंभांची सखोल तयारी करणारे पोलिश प्रशिक्षक गायेव्स्की आले, मनाची मशागत करणारे पॅडी अप्टन आले. पण हे सर्व आले ते पाया भरल्यानंतर.

आपल्या शाळांतून आणि शिकवणीवर्गांतून नेमके उलट चालते. प्रश्न वाचण्यापूर्वी उत्तर हाती ठेवले जाते. अपेक्षित प्रश्नसंच, मार्गदर्शिका, नमुना उत्तरे यांच्या आधाराने विद्यार्थी परीक्षेच्या पहिल्या दहा खेळ्या डोळे मिटून करतो. त्यात त्याला गुणही मिळतात. पण अकरावी खेळी पुस्तकाबाहेरची आली की तो गोंधळतो, कारण आजवर त्याला पटाकडे पाहण्याची गरजच पडलेली नसते. यंत्राने तयार उत्तर देणे आता इतके सोपे केले आहे की, पाठांतराला मिळणारा भावही फार काळ टिकणारा नाही. बुद्धिबळाच्या क्षेत्राने हा अनुभव पंचवीस वर्षे आधी घेतला. पाठांतर टाकून द्या, असे ते क्षेत्र सांगत नाही. गुकेशही प्रारंभ पाठ करूनच पटावर बसतो. पाठांतर केव्हा सुरू करावे आणि ते कशासाठी वापरावे, एवढेच ते सांगते. शिक्षकांनी या क्रमाचा विचार करावा. मुलाला उत्तर दाखवण्यापूर्वी त्याला प्रश्नासमोर किती वेळ एकटे बसू दिले, हे शिकवण्याच्या गुणवत्तेचे एक माप ठरू शकेल.

प्रवासखर्चाची विषमता

मात्र या कथेला आणखी एक बाजू आहे आणि ती कमी सुखद आहे. प्रारंभाचे ज्ञान फुकट झाले, पण पटासमोर बसण्याची संधी फुकट झाली नाही. ग्रँडमास्टर होण्यासाठी परदेशी आणि वरच्या दर्जाच्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळून पात्रतेचे निकष पूर्ण करावे लागतात. त्यासाठी प्रवास, निवास, प्रवेशशुल्क आणि सोबत जाणारा पालक, असा सारा खर्च येतो. गुकेशच्या वडिलांनी, जे कान-नाक-घशाचे शल्यविशारद आहेत, मुलाबरोबर हिंडण्यासाठी आपला व्यवसाय बाजूला ठेवला. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ असलेल्या आईच्या मिळकतीवर घर चालले. २८ जुलै २०२५ रोजी बाटुमी येथे कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकणारी आणि त्यायोगे भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर ठरलेली नागपूरची दिव्या देशमुख हीदेखील डॉक्टर आईवडिलांची कन्या आहे. या कुटुंबांच्या त्यागाविषयी आदरच वाटला पाहिजे. पण ज्या घरातील कमावता माणूस नोकरी सोडू शकत नाही, ज्या कारकुनाला किंवा प्राथमिक शिक्षकाला वर्षातून एक परदेशवारी म्हणजे कर्जाचा डोंगर आहे, त्या घरातील मुलाने काय करायचे?

जिंकून आल्यावर कोट्यवधींची पारितोषिके जाहीर करण्याची प्रथा राज्य सरकारांनी पाडली आहे. तामिळनाडूने गुकेशला पाच कोटी रुपये दिले. विजेत्याचा गौरव व्हावा, याविषयी दुमत नाही. परंतु बक्षीस हे डाव संपल्यावर मिळते; गरज असते ती डावाच्या प्रारंभी. त्याच रकमेतून किती तालुक्यांच्या गावी प्रशिक्षक नेमता येतील, दर्जेदार मानांकन स्पर्धा किती भरवता येतील आणि परदेशी खेळाडूंनाच इकडे बोलावून किती मुलांचा विमानप्रवास वाचवता येईल, याचा हिशेब कोणी तरी मांडला पाहिजे. सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने दशकानुदशके स्पर्धा भरवून हे काम मर्यादित साधनांनी केले आहे. भाऊसाहेब पडसलगीकरांसारख्या कार्यकर्त्यांनी ज्या निष्ठेने ते वाढवले, तिच्यापासून शासनाने धडा घ्यावा. मोठ्या खेळाडूच्या मागे अशी संस्था असते, ती वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येत नाही.

तामिळनाडूने गुकेशला घडवले ते एकट्या गुकेशला नव्हे. ज्या शाळेने त्याला स्पर्धांसाठी मोकळीक दिली त्याच शाळेने इतर अनेकांना दिली, आणि आनंदच्या यशानंतर त्या राज्यात वर्ग, मंडळे आणि स्पर्धा यांचे जाळे विणले गेले. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, सांगली अशी जुनी आणि नवी केंद्रे आहेत. त्यांच्यात असे जाळे विणले जायचे आहे.

या कामात विलंब परवडणारा नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये गोव्यात विश्वचषक स्पर्धा झाली, चषकाला आनंदचे नाव देण्यात आले आणि यजमान देशाचे खेळाडू मोठ्या संख्येने उतरले. प्रत्यक्षात गुकेश तिसऱ्या फेरीतच बाद झाला, एकही भारतीय उपांत्य फेरी गाठू शकला नाही आणि चषक उझबेकिस्तानच्या एकोणीस वर्षांच्या जावोखिर सिंदारोव्हने नेला. जे यंत्र चेन्नईला उपलब्ध आहे तेच ताश्कंदलाही आहे. यंत्राने निर्माण केलेली समानता कोणा एका देशाची बटीक नाही. सिंगापूरच्या विजयावर विसंबून राहणे म्हणजे चांगल्या प्रारंभावर विसंबून राहण्यासारखेच होईल, आणि चांगला प्रारंभ डिंग लिरेनलाही मिळाला होता.

महेशचंद्र बॅनर्जी कलकत्त्यात खेळायला बसला तेव्हा त्याच्या पुढ्यात फक्त पट होता. सेंटोसाच्या त्या दालनात पंचावन्नाव्या खेळीला गुकेशच्या पुढ्यातही फक्त पटच उरला होता. मधल्या पावणेदोनशे वर्षांतील सारे ग्रंथ, सारी यंत्रे त्या क्षणी बाहेर राहिली होती. त्या क्षणापर्यंत बसून राहण्याचे आणि मग डोळे उघडे ठेवून पाहण्याचे शिक्षण आपल्या किती मुलांना मिळते, याचा शोध शाळांनी आणि शासनाने आता घेतला पाहिजे.